दोनशें मीटरांची वेस

इ. स. १९१२ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत बिनतारी तारायंत्रासंबंधानें एक कायदा मंजूर झाला. त्यांतील एका कलमाचा मथितार्थ असा होता कीं, ज्यांचा बिनतारी संदेशांवर कांहीं व्यापार-धंदा चालत नाहीं, जे केवळ हौसेखातर घरीं यंत्रें मांडून बसतात, अशांनीं खास परवानगीवांचून दोनशें मीटरांहून लांब लहर वापरूं नये आणि एक किलोवॅटहून अधिक शक्ति यंत्रांत घालूं नये. म्हणजे लांब लहरी आरमारानें, जहाजांनीं व मोठ्या कंपन्यांनीं घ्याव्या. आखूड लहरी हौशी मंडळींनीं न्याव्या. ही वांटणी करणारांच्या मनांत औदार्य नव्हतें. त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांच्या मतें दोनशें मीटरांखालच्या लहरी दूर अंतराच्या कामाला टाकाऊ होत्या. वेशीबाहेरची खडकाळ जमीन एखाद्याच्या पदरांत टाकावी आणि तो कंटाळून आपोआप गांव सोडील अशी अपेक्षा करावी, तशांतला तो प्रकार होता.

पुढील बारा-पंधरा वर्षांत त्या खडकाळ जमिनींतून काय निघालें, आणि बरोबर शंभर वर्षांनीं त्याच हौशी वर्गाला वेशीच्या आंत पुन्हां कसें घेण्यांत आलें, याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. ती केवळ यंत्रांची हकीकत नाहीं. एखादी वस्तु निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार कोणास, आणि कोणत्या पुराव्यावर पोंचतो, हा प्रश्न तिच्या पोटांत आहे. आणि तो प्रश्न आमच्या घरांत, शाळांत व विद्यापीठांतहि रोज उपस्थित होत असतो.

हकीकतीस हात घालण्यापूर्वीं दोन शब्द लहरींविषयीं. तळ्यांत खडा टाकला असतां पाण्यावर उंचवटे उमटत जातात. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर ही लहरीची लांबी, आणि एका सेकंदांत आपल्यासमोरून किती उंचवटे जातात ती तिची कंपनसंख्या. बिनतारी लहरींचा वेग सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर असा ठरलेला असल्यामुळें लांबी वाढली कीं कंपनसंख्या उतरते. दोनशें मीटरांची लहर सेकंदाला पंधरा लक्ष कंपनें करते. आजच्या परिभाषेंत ही १५०० किलोहर्ट्झांची लहर झाली. बावीसशें मीटरांची लहर घेतली तर ती अवघ्या १३६ किलोहर्ट्झांची. तात्पर्य, दीर्घ लहर म्हणजेच मंद कंपनाची लहर. या दोन आंकड्यांची आपणांस पुढें गांठ पडणार आहे.

बिनतारी संदेश महासागर ओलांडूं शकतो ही कल्पना लोकांच्या मनांत रुजविली ती मार्कोनी यांनीं. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सच्या टेकडीवर पतंगाला तार बांधून ती त्यांनीं आकाशांत चढविली, आणि अटलांटिकच्या पलीकडून, इंग्लंडांतील पोल्ढू येथून, सुटलेलीं मोर्स लिपींतील तीन टिंबें आपण ऐकलीं असें जाहीर केलें. त्या दिवशीं खरोखर काय ऐकूं आलें याविषयीं अभ्यासकांत अद्यापहि मतभेद आहेत. पण त्या वार्तेनें एक अवघड कोडें उभें केलें हें निश्चित. प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत जाणाऱ्या या लहरी पृथ्वीच्या फुगवट्याला वळसा कसा घालतात? पुढच्याच वर्षीं, १९०२ सालीं, अमेरिकेंत केनेली आणि इंग्लंडांत हेव्हिसाइड यांनीं स्वतंत्रपणें असें सुचविलें कीं, वातावरणाच्या वरच्या भागांत विजेला वाहूं देणारा एखादा थर असावा आणि लहरी त्यावर आपटून परत खालीं येत असाव्या. सूचना मार्मिक होती. पण तिला प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास बावीस वर्षें जावीं लागलीं.

त्याच १९०२ सालीं फिलाडेल्फिया नांवाच्या आगबोटीवरून प्रवास करतांना मार्कोनी यांच्या ध्यानांत आलें कीं, दिवसां सातशें मैलांच्या पुढें विझून जाणारे संकेत रात्रीं दोन हजार मैलांवरहि पोंचतात. सूर्यप्रकाश हा बिनतारी संदेशांचा वैरी आहे असें यावरून दिसलें. त्यावर व्यवहारी उपाय निघाला तो हा, कीं लहर अधिकाधिक लांब करावयाची आणि शक्ति अधिकाधिक वाढवावयाची.

या उपायाला शास्त्राचाहि पाठिंबा मिळाला. १९११ च्या सुमारास ऑस्टिन व कोहेन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांच्या नांवानें ओळखलें जाणारें एक सूत्र पुढें आलें. युद्धनौका समुद्रावर दूर दूर नेऊन, दिवसाच्या वेळीं मोजमापें घेऊन तें बसविलेलें होतें. अंतर वाढत जातांना संकेत किती क्षीण होतो याचें गणित त्यांत होतें, आणि लहर जितकी लांब तितका हा क्षय कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. हें सूत्र खोटें नव्हतें. समुद्राच्या पृष्ठभागाला धरून जाणाऱ्या लहरीपुरतें, दिवसाच्या काळापुरतें, आणि ज्या लांबीच्या लहरींवर मोजमापें झालीं होतीं त्यांच्यापुरतें तें फारसें चुकत नसे. चूक झाली ती त्याची मर्यादा विसरण्यांत. जेथें कोणी मोजलेंच नव्हतें तेथेंहि तेंच सूत्र लागू पडेल असें गृहीत धरण्यांत आलें. आखूड लहर जवळच मरते, हें अनुमान शंभर मीटरांवर किंवा पन्नास मीटरांवर दूर जाऊन कोणी कान देऊन ऐकण्यापूर्वींच सर्वमान्य होऊन बसलें.

परिणामीं मोठीं राष्ट्रें दीर्घ लहरींच्या मागें लागलीं. या लहरींचा थाट राजेरजवाड्यांचा. स्वीडनमधील ग्रिमेटन येथील केंद्र १९२४ सालीं सुरू झालें. त्याची लहर साडेसतरा हजार मीटरांच्या आसपास, आणि एरियलच्या तारा पेलण्यास १२७ मीटर उंचीचे सहा पोलादी मनोरे. इंग्लंडांत रग्बी येथें १ जानेवारी १९२६ रोजीं उघडलेल्या केंद्राची लहर पावणेएकोणीस हजार मीटरांची, म्हणजे एकेक लहर पावणेएकोणीस किलोमीटर लांब! तिच्यासाठीं ८२० फूट उंचीचे बारा मनोरे उभारावे लागले. ब्रिटिश साम्राज्यांतील देश अशाच प्रचंड केंद्रांच्या सांखळीनें एकमेकांस जोडण्याची योजना कित्येक वर्षें वाटाघाटींत घोळत होती. एवढा खर्च राजसत्तेलाच झेपणारा. सामान्य माणसाला या खेळांत जागा कोठून असणार?

आतां वेशीबाहेरच्या मंडळींकडे वळूं. १९१२ पूर्वीं अमेरिकेंत पुष्कळ तरुण घराच्या माळ्यावर ठिणगीचीं यंत्रें मांडून रात्ररात्र खटखट करीत. त्यांच्या गोंगाटानें आरमाराच्या कामांत व्यत्यय येतो ही तक्रार खोटी नव्हती. त्यांतच १५ एप्रिल १९१२ रोजीं टायटॅनिक जहाज बुडालें. त्या गडबडींत उतारू सुखरूप असल्याच्या खोट्या वार्ता पसरल्या आणि त्यांचें खापर हौशी लोकांच्या माथीं फुटलें. कायदा झाला तो या पार्श्वभूमीवर. जहाजांच्या कामासाठीं सहाशें मीटरांची लहर राखण्यांत आली, तिच्या वरचा सोळाशें मीटरांपर्यंतचा पट्टा सरकारकडे गेला, आणि हौशी मंडळी दोनशें मीटरांच्या खालीं लोटली गेली.

तेथें एकट्याचा आवाज फार दूर जात नसे. कनेटिकट संस्थानांतील हार्टफोर्ड शहरीं राहणारे हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९१४ च्या एप्रिलांत स्प्रिंगफील्ड येथें एक निरोप पाठवावयाचा होता. अंतर उणेपुरें तीस मैल. पण त्यांचें यंत्र पोंचेना. शेवटीं मधल्या एका गांवच्या हौशी गृहस्थानें तो निरोप घेऊन पुढें पोंचता केला. यांतून मॅक्सिम यांना सांखळीची कल्पना सुचली आणि त्याच वर्षीं अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था निघाली. पूर्वीं आमच्याकडे जासूद टप्प्याटप्प्यावर थैली बदलून देत, त्यांतलाच हा प्रकार. एका दमांत दूर पोंचण्याची आपली असमर्थता या संस्थेनें आपल्या नांवांतच कबूल केली होती म्हणाना!

महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील हौशी केंद्रें बंद ठेवण्यांत आलीं. १९१९ च्या अखेरीस तीं पुन्हां उघडलीं, तों ठिणगीची जागा व्हॉल्व्हची निर्वात नळी घेऊं लागली होती. १९२१ च्या डिसेंबरांत या संस्थेनें पॉल गॉडले नांवाच्या निष्णात गृहस्थांना आपलें ग्राहकयंत्र घेऊन स्कॉटलंडांत पाठविलें. आर्ड्रॉसन गांवाजवळ समुद्रकांठीं, ऐन हिंवाळ्यांत तंबू ठोकून, सुमारें तेराशें फूट लांबीची तार ताणून ते कान देऊन बसले. कनेटिकटमधील ग्रीनविच येथून हौशी मंडळींनीं सोडलेला संपूर्ण संदेश त्यांनीं तेथें उतरून घेतला. शिवाय अमेरिकेंतील दोन डझनांहून अधिक हौशी केंद्रांचे संकेत टिपले. या लहरी दोनशें-सवादोनशें मीटरांच्या आसपासच्या होत्या. टाकाऊ जमिनीवर पहिलें पीक उगवलें तें हें.

मग प्रश्न निघाला कीं, लहर आणखी आखूड केली तर? २७ नोव्हेंबर १९२३ च्या रात्रीं फ्रान्समधील नीस येथील लेऑं दलुआ आणि कनेटिकटमधील फ्रेड श्नेल यांनीं शंभर-एकशेंदहा मीटरांच्या लहरींवर अटलांटिकच्या आरपार संभाषण केलें. श्नेल यांच्याच संस्थानांतील जॉन राइनार्ट्झ हेहि त्यांत सामील झाले. आतांपर्यंत नुसतें ऐकणें झालें होतें. या वेळीं प्रश्नाला उत्तर मिळालें. त्यानंतर एक वर्षहि लोटलें नाहीं तों १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतांत मेंढरांचा व्यवसाय करणारे फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेंतला अठरा वर्षांचा विद्यार्थी सेसिल गॉयडर यांचें बोलणें झालें. या दोन ठिकाणांमध्यें जवळजवळ अर्धी पृथ्वी आहे. साम्राज्यसरकारांनीं मनोऱ्यांवर मनोरे रचून जें साधावयाचें, तें एका शेतकऱ्यानें व एका शाळकरी पोरानें घरगुती सामानावर साधलें.

या गॉयडरचें नांव आमच्या वाचकांनीं विसरूं नये, कारण त्याची वाट पुढें हिंदुस्थानांत आली. १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचा मुख्य इंजिनियर म्हणून ज्याची नेमणूक झाली तो हाच. १९३७-३८ सालीं दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें लघुलहरींचीं केंद्रें उघडलीं तीं त्याच्या कारकीर्दींत. हिंदुस्थानासारख्या खंडप्राय देशांत थोड्या केंद्रांनीं दूरवर आवाज पोंचवावयाचा तर लघुलहरींवांचून गत्यंतर नव्हतें, आणि त्या लहरींचा पल्ला शाळेंतच अजमावलेला माणूस त्या कामावर होता.

हें सारें घडलें कसें? ज्या थराची सूचना १९०२ सालीं झाली होती, त्याचा प्रत्यक्ष पुरावा अॅपल्टन व बार्नेट यांनीं १९२४ च्या डिसेंबरांत मिळविला. बोर्नमथच्या नभोवाणी-केंद्राचा रोजचा कार्यक्रम संपल्यावर त्याची लहर हळूहळू बदलावयास लावून ऑक्सफर्ड येथें ते ऐकत बसले, आणि जमिनीवरून आलेली व आकाशांतून परतलेली अशा दोन लहरींच्या मिलाफावरून त्यांनीं थराची उंची काढली. या कामाबद्दल पुढें १९४७ सालीं अॅपल्टन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयाला आयुष्य वाहिलें. वरच्या वातावरणावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथहि १९४७ सालचाच.

आज या प्रदेशाला आम्ही आयनांबर म्हणतों. त्यांतील साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा खालचा थर सूर्याच्या तापानें दिवसां तयार होतो आणि मध्यम लहरी गिळून टाकतो. रात्रीं तो विरतो, म्हणून त्या लहरी दूर पोंचतात. फिलाडेल्फिया बोटीवरचें कोडें तें हेंच. याहून आखूड लहरी खालच्या थरांतून थोड्या तोट्यानें पार होतात, दोनशें ते चारशें किलोमीटर उंचीवरच्या थराला लागून परततात, आणि एकेका उडींत हजारों मैल ओलांडतात. फार दीर्घ लहरी मात्र वर शिरतच नाहींत. आयनांबराचा तळ आणि पृथ्वीची पाठ यांमधल्या पोकळींतून त्या, बोगद्यांत आवाज घुमत जावा तशा, दूरवर जातात. आखूड लहर जमिनीवरून जातांना जवळच मरते हें जुन्या सूत्राचें म्हणणें खरेंच ठरलें. पण ती त्याच वेळीं आकाशाच्या वाटेनेंहि निघालेली असते, हें त्या सूत्राला ठाऊक नव्हतें.

येथें एक सावधगिरी घेणें अवश्य आहे. हौशी मंडळींच्या सांगण्यांत या कथेला कधीं कधीं पुराणकथेचें रूप येतें. एका बाजूला आंधळे इंजिनियर, दुसऱ्या बाजूला डोळस पोरें. इतिहास इतका सोपा नसतो. मार्कोनी व त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनीं १९१६ पासूनच अतिशय आखूड लहरी आरशानें प्रकाश एकवटावा तशा एका दिशेनें फेंकण्याचे प्रयोग चालविले होते. १९२३ सालीं ९७ मीटरांची लहर पोल्ढूहून सोडून ती त्यांनीं आपल्या इलेट्रा नौकेवर केप व्हर्ड बेटांपर्यंत ऐकली. १९२४ सालीं ३२ मीटरांची लहर भर दिवसां बैरुतच्या बंदरांत ऐकली. हौशी मंडळींचा वांटा याहून वेगळ्या प्रकारचा होता. सर्व खंडांत विखुरलेले असंख्य कान एकाच वेळीं, अहोरात्र, सर्व ऋतूंत ऐकत होते. कोणत्याहि कंपनीला इतकीं ठिकाणें आणि इतक्या रात्री विकत घेतां आल्या नसत्या. हौसेला मोल नाहीं असें आपण म्हणतों तें येथें अक्षरशः खरें होतें.

पुढची पायरी तर आमच्या दाराशीं येऊन ठेपली. १९२४ सालीं ब्रिटिश सरकारनें मार्कोनी कंपनीशीं करार केला आणि दीर्घ लहरींच्या मूळ योजनेऐवजीं लघुलहरींच्या झोताचीं केंद्रें, ज्यांस बीम म्हणत, तीं उभारण्याचें ठरविलें. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या पाठोपाठ १९२७ सालीं हिंदुस्थानाचें केंद्र सुरू झालें. त्याचें संदेश सोडण्याचें ठाणें पुण्यानजीक खडकीस होतें आणि ऐकण्याचें ठाणें दौंडास. इंग्लंडांतील जोडठाणीं ग्रिम्सबी व स्केग्नेस या गांवांजवळ होतीं. पुण्याहून सोलापुराकडे जातांना दौंड स्टेशनावर गाडींतून डोकावणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला कल्पनाहि नसेल कीं, इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेला शब्द निमिषांत ह्याच माळावर उतरतो. समुद्राच्या तळाशीं तारा टाकून बसलेल्या जुन्या कंपन्यांना या स्वस्त व जलद स्पर्धेनें एवढा धक्का बसला कीं, १९२८ सालीं साम्राज्याची परिषद भरवून तारा आणि बिनतारी दोन्ही धंदे एका छत्राखालीं आणण्याचें ठरवावें लागलें.

सोनें निघालें म्हटल्यावर जमिनीला धनी मिळावयास किती वेळ? १९२७ सालीं वॉशिंग्टन येथें राष्ट्रांची रेडिओ-परिषद भरली. सरकारें, व्यापारी कंपन्या व नभोवाण्या सर्वांनाच आतां आखूड लहरी हव्या होत्या. पूर्वीं दोनशें मीटरांखालचें सगळें रान ज्यांना मोकळें दिसत होतें, त्यांच्या वांट्याला एकशेंसाठ, ऐंशीं, चाळीस, वीस, दहा व पांच मीटरांच्या आसपासच्या चिंचोळ्या पट्ट्या आल्या. निदान त्या तरी राहिल्या याचें श्रेय त्यांच्या संस्थांच्या चिकाटीला आहे. शोध लावणाराच्या हातीं शोधाचा एक कोपरा राहतो, हा जगाचा रिवाजच आहे. त्याबद्दल फार हळहळण्यांत अर्थ नाहीं.

आतां हकीकतीचा उत्तरार्ध. आखूड लहरींच्या विजयानंतर दीर्घ लहरींचें वैभव एकदम संपलें नाहीं. त्या समुद्राच्या पाण्यांत थोड्या खोलवर शिरत असल्यामुळें पाणबुड्यांसाठीं त्यांचा उपयोग राहिला. युरोपांत नभोवाणीसाठींहि राहिला. पण हळूहळू त्यांचे मनोरे उतरूं लागले. १९९९ सालीं जहाजांच्या संकटकाळीं मोर्स लिपींत हांक मारण्याची जुनी पद्धति अधिकृतपणें बंद होऊन तिची जागा उपग्रहांनीं व नव्या साधनांनीं घेतली. जर्मनीच्या सार्वजनिक नभोवाणीनें २०१४ च्या अखेरीस आणि फ्रान्सच्या नभोवाणीनें २०१६ च्या अखेरीस दीर्घ लहरी सोडल्या. ज्या वाड्याच्या दारांत १९१२ सालीं हौशी माणसाला उभें करीत नव्हते, त्या वाड्यांतले मानकरी एकेक करून निघून गेले.

आणि मग बाहेरचा माणूस आंत आला! इंग्लंडांत १९९६ सालीं ७३ किलोहर्ट्झांवर प्रयोगाची मोजकी परवानगी मिळाली. १९९८ सालीं १३६ किलोहर्ट्झांची, म्हणजे बावीसशें मीटरांची पट्टी खुली झाली. २००७ सालच्या जागतिक परिषदेनें तिला सर्व जगासाठीं मान्यता दिली. अट एवढीच कीं, प्रत्यक्ष अवकाशांत फेंकली जाणारी शक्ति एका वॅटच्या मापापुढें जाऊं नये. नंतर २०१२ सालीं जिनिव्हा येथील परिषदेनें ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झांची, सुमारें सहाशेंतीस मीटरांची पट्टी दिली. टायटॅनिकच्या सालापासून बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं, आणि ज्या सहाशें मीटरांच्या लहरीचें रक्षण करण्यासाठीं वेस बांधली गेली, तिच्याच शेजारीं ही जागा होती. खुद्द अमेरिकेनें आपल्या हौशी लोकांना या दोन्ही पट्ट्या २०१७ सालीं मोकळ्या केल्या.

एक वॅट म्हणजे देवघरांतल्या मिणमिणत्या दिव्याइतकी शक्ति. पण तेवढी फेंकणेंहि या लहरींवर सोपें नाहीं. बावीसशें मीटरांच्या लहरीला शोभेल असें एरियल म्हणजे तिचा चौथा भाग, साडेपांचशें मीटर उंच पाहिजे. घरच्या परसांत दहा-बारा मीटरांचा खांब कसाबसा उभा राहतो. एवढ्या आंखूड एरियलाला लहरीशीं जुळवून घेण्यासाठीं तारेचें मोठें वेटोळें जोडावें लागतें, आणि यंत्रानें दिलेली बहुतेक शक्ति त्या वेटोळ्यांत व खालच्या मातींत उष्णता होऊन जिरते. हजार वॅट आंत ओतावे तेव्हां कोठें एखादा वॅट, पुष्कळदां तोहि नाहीं, आकाशांत जातो. शिवाय दूरदेशींच्या विजेच्या वादळांची खरखर या लहरींवर सदैव चालू असते, आणि आजकाल घरोघरच्या विजेच्या उपकरणांची भणभण तिच्यांत भर घालते.

अशा कोलाहलांत एका वॅटचा शब्द ऐकावयाचा कसा? युक्ति साधी आहे : हळू बोलावयाचें. नेहमींच्या मोर्स संदेशांत एक टिंब सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकें असतें. येथें एक टिंब तीन सेकंद, दहा सेकंद, प्रसंगीं साठ सेकंद लांबवितात. संकेत जितका मंद तितकी तो ऐकण्यासाठीं लागणारी फट अरुंद, आणि फट जितकी अरुंद तितका आंत शिरणारा गोंगाट कमी. टिंब सहाशेंपट लांबविलें तर गोंगाटहि सहाशेंपट उतरतो. एका वॅटला सहाशें वॅटांची योग्यता येते. मात्र त्याची किंमत काळाच्या रूपानें मोजावी लागते. साठ सेकंदांच्या टिंबानें एक 'ए' अक्षर पाठविण्यास पांच मिनिटें लागतात. कान अशा संकेतास निरुपयोगी. संगणकाच्या पडद्यावर गोंगाटाच्या धुक्यांतून एक बारीक रेघ हळूहळू उमटते, तिच्याकडे पाहत बसावें लागतें. २००१ सालीं इंग्लंड व कॅनडा यांमधील दोघां हौशी गृहस्थांनीं १३६ किलोहर्ट्झांवर एकमेकांस हांक देऊन उत्तर घेतलें, तें अशाच मंद अक्षरांनीं, अनेक रात्री खर्चून. निरोप म्हणावा तर कांहींच नव्हता. केवळ 'मी आहें, तुम्ही आहां, ऐकूं आलें', एवढेंच. परंतु सरकारी केंद्रांना ज्यासाठीं मनोऱ्यांचीं अरण्यें लागत, तें महासागराचें अंतर परसांतल्या खांबानें ओलांडलें होतें.

या कामांत भर घालणारांपैकीं एक नांव आवर्जून सांगण्यासारखें आहे. युग्म-पल्सारच्या शोधाबद्दल १९९३ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी बिनतारीवाले. दूरच्या ताऱ्यांचे क्षीण संकेत गोंगाटांतून वेंचण्याची विद्या त्यांनीं हौशी मंडळींच्या कामीं लावली, आणि २००८ सालीं अशी एक पद्धति दिली कीं जींत प्रत्येक संदेश जवळजवळ दोन मिनिटें चालतो व अगदीं थोड्या शक्तीवर जगभर टिपला जातो. अशा नोंदी रात्रंदिवस जमत राहतात, आणि आयनांबर कोणत्या रात्रीं कसें वागलें याची रोजनिशी आपोआप लिहिली जाते. १९२१ च्या आर्ड्रॉसनच्या तंबूंतला एकटा कान आज हजारों ठिकाणीं जागा आहे.

जातां जातां ग्रिमेटनचाहि समाचार घेऊं. तें केंद्र मोडीत निघालें नाहीं. २००४ सालीं जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. त्याचें जुनें फिरतें विद्युत्-यंत्र वर्षांतून एखाद्-दुसऱ्या दिवशीं मुद्दाम चालवितात, आणि साडेसतरा हजार मीटरांच्या त्या लहरीवरचा चार ओळींचा संदेश देशोदेशींचे हौशी लोक टिपून पोंच पाठवितात. एके काळीं ज्या लहरींना साम्राज्यांचें ओझें वाहावें लागे, त्या आतां केवळ प्रेमाखातर ऐकल्या जातात.

या सर्व हकीकतीवरून टाकाऊ म्हटलेलें सर्वच सोनें असतें असें कोणी अनुमान काढूं नये. आखूड लहरींनीं जग बदललें. दीर्घ लहरींकडे परत जाण्यानें कोणाचा व्यापार वाढलेला नाहीं, वाढण्याचा संभवहि दिसत नाहीं. आमचें म्हणणें याहून साधें आहे. १९१२ सालीं ज्यांनीं आखूड लहरी टाकून दिल्या ते मूर्ख नव्हते. त्यांच्या हातीं खरें सूत्र होतें. खऱ्या सूत्राची सीमा ओलांडून दिलेला निकाल खोट्या सूत्रापेक्षांहि अधिक काळ टिकतो, कारण त्याला शास्त्राची प्रतिष्ठा असते. असा निकाल फिरविण्यास कोणीतरी तेथें जाऊन ऐकावें लागतें. आणि जेथें लाभाची आशा नाहीं तेथें हौशी माणसावांचून जाणार कोण?

आमच्या खेड्यांत पूर्वीपासून गांवाच्या कडेला गायरान राखण्याची चाल आहे. त्याचें उत्पन्न वहींत दिसत नाहीं, म्हणून हिशेबी मनुष्याला तें पडीक वाटतें. पण तें नांगरून टाकलें कीं गांवचीं गुरें उपाशीं पडतात. हौशी मंडळींच्या चिंचोळ्या पट्ट्या हें लहरींच्या राज्यांतलें गायरान होय. विद्येच्या राज्यांतहि असें गायरान लागतें. आमच्या घरीं मुलगा गच्चीवर तारा ताणूं लागला कीं पहिला प्रश्न निघतो, 'याचा उपयोग काय?' विद्यापीठांत संशोधनाचा अर्ज आला कीं तिसऱ्या रकान्यांत तोच प्रश्न छापलेला असतो. प्रश्न गैर नाहीं. पण त्याचें उत्तर आधीं मागूं नये. मिल हिलच्या शाळेंत १९२४ सालीं तो प्रश्न कोणी फार जोरानें विचारला असता, तर अठरा वर्षांच्या त्या मुलाजवळ त्याचें उत्तर नव्हतें. तें उत्तर बारा वर्षांनीं दिल्लीस मिळावयाचें होतें.